पंखा फिरतो, दिवा लागतो, मग पडदा काळा का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला दिला जाणारा नियमित आधार थांबवला आणि घरोघरच्या जुन्या डेस्कटॉपचे काय करायचे, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे, म्हणजे संगणक चालू असताना कामाची माहिती धरून ठेवणाऱ्या पट्टीचे, भावही चढले, कारण मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा मोठा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे वळू लागला. नवा संगणक घेणे महाग आणि जुना टिकवणे भाग, अशा या दिवसांत खान्देशातल्या दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार वरचेवर ऐकू येते: "पंखा फिरस, पन दिखत काहीच नही." बटण दाबल्यावर दिवा लागतो, आत घरघर सुरू होते, पण मॉनिटर काळा राहतो किंवा 'नो सिग्नल' एवढेच म्हणून झोपी जातो. या दुखण्याचे निदान पाहण्याआधीच "मदरबोर्ड गेला" असे ठरवून टाकण्याची घाई दुकानदार आणि ग्राहक दोघेही करतात. दुखणे नेमके कुठे आहे हे घरच्या घरी, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक खोडरबर एवढ्या साहित्यावर बऱ्याच अंशी शोधता येते. ते कसे, हे या लेखात पाहू.

मोटार चालू, पण पाणी नाही

विहिरीवरची मोटार ज्याने चालवली आहे, त्याला हा प्रकार समजायला वेळ लागणार नाही. स्टार्टर दाबला, मोटार घुमू लागली, पण केळीच्या बागेत पाण्याचा थेंब पोहोचला नाही, म्हणून कोणी लगेच मोटार काढून भंगारात देत नाही. मोटारीने हवा धरली आहे का, फूटव्हॉल्व्हमध्ये पालापाचोळा अडकला आहे का, वायरी उलट जोडल्या जाऊन मोटार उलटी तर फिरत नाही ना, पाइप मध्येच कुठे फुटला आहे का, हे सगळे क्रमाने पाहिले जाते आणि बहुतेक वेळा दोष मोटारीबाहेरच सापडतो. संगणकाचा पंखा म्हणजे त्या मोटारीचा आवाज होय. तो फिरतो याचा अर्थ इतकाच की पंख्याला लागणारे १२ व्होल्ट त्याच्यापर्यंत पोहोचत आहेत. प्रोसेसर जागा झाला आहे की नाही, रॅम सापडली की नाही, चित्र तयार झाले की नाही, यांपैकी कशाचीही ग्वाही पंखा देत नाही.

बटण दाबल्यानंतर आत काय घडते?

येथे शब्दांचा थोडा गोंधळ दूर केलेला बरा. आपल्याकडे अख्ख्या लोखंडी पेटीलाच 'सीपीयू' म्हणण्याची पद्धत पडली आहे. वास्तविक सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आणि तो पेटीतल्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर, पंख्याखाली झाकलेला, तळहातावर सहज मावणारा चौकोनी तुकडा असतो. म्हणून या लेखात पेटीला पेटी आणि प्रोसेसरला प्रोसेसरच म्हणू.

बटण दाबले की पेटीतला एसएमपीएस, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा डबा, कामाला लागतो आणि हे तिन्ही दाब स्थिर झाले की मदरबोर्डला तशी खूण पाठवतो. ही खूण मिळेपर्यंत प्रोसेसरला जागे होऊ दिले जात नाही. ती मिळाली की प्रोसेसर मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधल्या सूचना वाचू लागतो. या सूचनासंचाला बायोस म्हणतात आणि त्याने केलेल्या पहिल्या तपासणीला पोस्ट म्हणतात. ही तपासणी शाळेतल्या हजेरीसारखी असते: प्रोसेसर हजर, रॅम हजर, ग्राफिक्स हजर, असे एकेकाला हाक मारत ती पुढे जाते आणि महत्त्वाच्या कोणाकडून उत्तर आले नाही, तर तिथेच थांबते.

या हजेरीत ग्राफिक्सचा, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या भागाचा, नंबर रॅमच्या नंतर लागतो. त्यामुळे रॅमपाशीच हजेरी अडली, तर "रॅम सापडत नाही" हे सांगायला संगणकापाशी पडदाच उपलब्ध नसतो. म्हणून तर मदरबोर्डला बीप वाजवणारा बारीक स्पीकर जोडण्याची सोय ठेवलेली असते. काळा पडदा हा पडद्याचा दोष असेलच असे नाही, कारण त्याच्या आधीच्या कोणत्याही टप्प्यावर काही अडले तरी शेवटी पडदाच काळा राहतो.

पेटी उघडण्याआधी

मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागतो का, आणि केबल काढल्यावर 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' असे काही उमटते का, हे पहिल्यांदा पाहावे. तसे उमटत असेल, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे. मॉनिटरला व्हीजीए आणि एचडीएमआय अशी दोन्ही तोंडे असतील, तर त्याच्या बटणांवरून योग्य तोंड निवडले आहे ना, हेही पाहावे. निवड व्हीजीएवर आणि केबल एचडीएमआयची, एवढ्या कारणाने रिक्षात घालून दुकानात आणलेले संगणक मी पाहिले आहेत. दुसरी केबल, किंवा तीच केबल घरातल्या टीव्हीला लावून पाहणे, ही तपासणी फुकट होते. केबल लावताना मात्र पेटी आणि मॉनिटर दोन्ही बंद ठेवावेत.

आता दिवाळीच्या साफसफाईचा दोष. धूळ झाडण्यासाठी सगळ्या वायरी काढल्या जातात आणि परत लावताना मॉनिटरची केबल जी जागा रिकामी दिसेल तिथे खोचली जाते. पेटीत वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल, तर पेटीच्या मागे चित्राची तोंडे दोन ठिकाणी असतात: वर मदरबोर्डची उभ्या रांगेतली आणि खाली कार्डाची आडवी. कार्ड असताना केबल खालच्या तोंडालाच लावावी, कारण अनेक संगणकांत कार्ड बसवले की वरचे तोंड आपोआप बंद होते. काही प्रोसेसरांत तर चित्र तयार करणारा भागच नसतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेरीस 'एफ' असते ते, किंवा रायझन ५ ५६०० सारखे प्रोसेसर, या गटातले आहेत. त्यांच्यावर मदरबोर्डचे एचडीएमआय तोंड दिसायला असते, पण त्यातून चित्र कधीच येत नाही. त्यात आश्चर्य नाही, कारण पेटीतला नळ टाकीला जोडलेलाच नसतो.

पडदा काळा असतानाही संगणक आतून जागा झालेला असू शकतो आणि ते ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. बटण दाबून मिनिटभर थांबावे आणि कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबत राहावे. प्रत्येक दाबासरशी कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल, तर हजेरी बहुधा पूर्ण झालेली आहे आणि दोष केबल, कार्ड किंवा मॉनिटर यांच्याकडे आहे. दिवा हालतच नसेल, तर संगणक सुरुवातीलाच अडला आहे. कंपनीचे चिन्ह पडद्यावर दिसून मग काळोख होत असेल, तर मात्र दुखणे वेगळे आहे. अशा वेळी यंत्र चित्र दाखवू शकते हे सिद्धच झालेले असते, आणि गडबड विंडोजमध्ये किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे विंडोजला तो भाग चालवायला शिकवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, शोधावी लागते.

बहुतेक वेळा दोषी ठरते ती रॅम

गेल्या मे महिन्यात माझ्या चुलत भावाचा संगणक असाच मुका झाला. त्याच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याच्या, कार्यालयातले ते यंत्र होते आणि एका दुकानाने पाहताक्षणी मदरबोर्ड बदलण्याचा खर्च सांगितला होता. मी बाजूचा पत्रा काढला, तेव्हा प्रोसेसरच्या पंख्यावर कापसाच्या तंतूंचा पांढुरका थर गादीसारखा बसलेला दिसला आणि त्यातले काही तंतू रॅमच्या स्लॉटच्या, म्हणजे ती बसवायच्या खाचेच्या, फटीत शिरलेले होते. वायर काढून, रॅमच्या दोन्ही टोकांचे खटके बाहेर दाबून मी ती वर घेतली, तर तिच्या तळाशी असलेल्या सोनेरी पट्ट्यांपैकी काही काळपट पडल्या होत्या. शाळेच्या कंपासमधल्या पांढऱ्या खोडरबराने त्या हलक्या हाताने घासल्या, रबराचा चुरा कोरड्या ब्रशने झाडला, स्लॉटही त्याच ब्रशने साफ केला आणि रॅम पुन्हा बसवली. दोन्ही खटके 'टक्' करून आपोआप आत आले. यंत्र चालू झाले.

हे इतक्या वेळा का घडते, याला कारण आहे. रॅमच्या पिढ्या असतात; त्यांतल्या डीडीआर ३ रॅमच्या तळाशी २४० आणि डीडीआर ४ च्या तळाशी २८८ सोनेरी पट्ट्या असतात, आणि त्यातली एखादी महत्त्वाची पट्टी जरी स्लॉटला नीट टेकली नाही, तरी सगळी रॅम गैरहजर ठरू शकते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. दिवसभर तापलेली पेटी रात्री निवते, धातू प्रसरण पावतो आणि आकुंचन पावतो, आणि वर्षानुवर्षांच्या या खेळात जोड सैल होत जातात. धूळ आणि दमटपणा उरलेले काम करतात. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारण्याची सवय मात्र सोडावी, कारण तिच्याबरोबर थुंकीचे बारीक तुषारही आत जातात.

दोन रॅम असतील, तर एकच ठेवून पाहावे आणि मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम येथे कडक पाळावा. रॅम, बॅटरी आणि केबल एकदम बदलून यंत्र चालू झाले, तर कशामुळे चालू झाले हे कधीच कळत नाही. चार स्लॉट असलेल्या बऱ्याच बोर्डांवर एकच रॅम लावायची असेल, तर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटला प्राधान्य असते. नवी डीडीआर ५ रॅम घातल्यावर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, कारण बोर्ड त्या वेळी रॅमशी आपला वेग जुळवून घेत असतो. त्या काळात वीज बंद करू नये.

आता एक तपासणी, जी दुरुस्ती करणारे नेहमी करतात आणि ग्राहकाला सहसा सांगत नाहीत. बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल, तर सगळी रॅम काढून यंत्र चालू करावे. बीप वाजू लागली, तर ती आनंदाची बातमी समजावी, कारण रॅम नाही अशी तक्रार करण्याइतके बोर्ड, प्रोसेसर आणि बायोस तिघेही जिवंत आहेत. स्पीकर असूनही पूर्ण शांतता असेल, तर दोष वीज, प्रोसेसर किंवा बोर्ड यांच्यात शोधावा लागतो. बीपची भाषा प्रत्येक बायोसची निराळी असते. एक लांब आणि दोन आखूड बीप पुष्कळ बोर्डांवर ग्राफिक्सची तक्रार दाखवतात, तरी आपल्या बोर्डाचे पुस्तक पाहणे श्रेयस्कर. अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर स्पीकरऐवजी चार बारीक दिवे असतात आणि ज्या भागापाशी हजेरी अडली त्याचा दिवा लागून राहतो.

नाण्याएवढी बॅटरी

बोर्डावर सीआर २०३२ नावाची तीन व्होल्टची गोल बॅटरी असते. नावातच तिचा २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी लिहिलेली आहे. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे मुख्य काम, आणि जुन्या बोर्डांवर बायोसच्या नोंदीही तीच सांभाळते. त्या नोंदी बिघडल्या, तर कधीकधी चित्र येत नाही. वीज पूर्ण काढून, बॅटरी दहा मिनिटे बाहेर ठेवून परत बसवली की नोंदी बहुधा मूळ पदावर येतात. बॅटरी जुनी असेल, तर नवीच घालावी. तिची किंमत चहा-नाश्त्याच्या खर्चाहून जास्त नसते.

"पंखा फिरतो, म्हणजे वीज तरी नीट आहे ना?"

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर 'नाही' असे आहे. पंखा १० व्होल्टवरही फिरेल, पण एटीएक्स पद्धतीच्या एसएमपीएसने १२ व्होल्टच्या जागी ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यानच वीज द्यावी, असे बंधन आहे. दाब त्याखाली घसरला की पंखा खुशाल फिरत राहतो आणि प्रोसेसर मात्र जागा होत नाही. शेतात कमी व्होल्टेजवर मोटार घुमते, पण पाणी फेकत नाही, तसेच हे. म्हणून एसएमपीएसची खरी परीक्षा मीटर लावून, आणि त्याहून चांगली म्हणजे दुसऱ्या यंत्राचा चांगला एसएमपीएस तात्पुरता जोडून होते.

शिवाय मदरबोर्डला विजेच्या दोन जोडण्या लागतात: एक चोवीस पिनांची रुंद आणि दुसरी प्रोसेसरजवळ, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, चार किंवा आठ पिनांची. साफसफाईनंतर ही दुसरी लावायची राहिली, तर दिवे लागतात, पंखे फिरतात आणि पडद्यावर काहीच येत नाही. मोठ्या ग्राफिक्स कार्डांनाही त्यांची वेगळी वीज लागते, तीही विसरली जाते.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भार साठतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पेटीच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत असतील, तर अर्थिंग तुटलेले आहे असे समजावे. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा प्रवाह पत्र्यावर येतच असतो आणि तो जमिनीत जाण्यासाठीच प्लगची तिसरी, जाड पिन असते. घर जुने असेल, तर अनेकदा त्या पिनेमागे वायरच नसते. जिथे असते, तिथेही आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून सुकते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा संपतो. अशा वेळी मॉनिटर भिंतीवरच्या एका स्विचबोर्डावर आणि पेटी दुसऱ्या स्विचबोर्डावर लावलेली असेल, तर केबल जोडताना ठिणगी उडून एचडीएमआयचे तोंड कायमचे निकामी होऊ शकते.

मग मदरबोर्ड गेला, हे कधी मानायचे?

वरच्या सगळ्या गोष्टी एकेक करून झाल्या, दुसऱ्या यंत्रात चालणारी रॅम आणि चांगला एसएमपीएस लावून पाहिला, बोर्ड पेटीबाहेर पुठ्ठ्यावर ठेवून केवळ प्रोसेसर आणि एका रॅमवर (प्रोसेसरमध्ये चित्राचा भाग नसेल, तर ग्राफिक्स कार्डासह) चालवून पाहिला, आणि तरीही चित्र आले नाही, तरच. पुठ्ठ्यावर ठेवण्याचे कारण असे की पेटीतला एखादा जास्तीचा स्क्रू बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होत असेल, तर बोर्ड पेटीत मेलेला वाटतो आणि बाहेर काढला की चालतो. बोर्डावरचे उभे, डब्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा तळाशी तपकिरी डाग पडलेले दिसले, तर मात्र संशय बळावतो. २००० नंतरच्या काही वर्षांत असे खराब कपॅसिटर जगभर लाखो बोर्डांवर बसले होते. हा दोष टाकण्याजोगा नाही, कपॅसिटर बदलता येतात, पण ते काम कसबी सोल्डरिंगवाल्याचे आहे.

"फॉरमॅट मारावे लागेल" असे सांगितले तर?

पडदा पहिल्यापासून काळा असेल, तर विंडोज नव्याने टाकण्याचा या दोषाशी काहीही संबंध नाही, कारण हजेरी पूर्ण झाल्याशिवाय संगणक हार्ड डिस्ककडे वळतच नाही. हार्ड डिस्क पूर्ण काढून ठेवली, तरी निरोगी यंत्र पडद्यावर बायोस दाखवते. घरातले फोटो, दुकानाचे हिशेब, विद्यार्थ्यांचे अर्ज हे सगळे त्या डिस्कवर जसेच्या तसे असते आणि मदरबोर्ड खरोखर गेला असला, तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून ते वाचता येते. फक्त डिस्कला विंडोजचे बिटलॉकर हे कुलूप लावलेले असेल, तर त्याची ४८ आकड्यांची किल्ली जवळ हवी.

म्हणूनच पेटी दुकानात द्यायची वेळ आली, तर हार्ड डिस्क स्वतःजवळ काढून ठेवण्यास हरकत नाही. चित्र आणण्यासाठी दुकानदाराला तिची गरज पडत नाही. रॅमवर असलेल्या चिकटपट्टीवरचा क्रमांक मोबाइलमध्ये टिपून ठेवावा, आणि जो भाग गेला असे सांगण्यात येईल, तो आपल्यासमोर काढून, दुसरा चालणारा भाग लावून, पडदा उजळताना पाहावा. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा.